बिल्ल्यावरचं नाव कुणासाठी?

मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याच्या छातीवरचा बॅज एकदा नीट निरखून पाहावा. साधारण तीन इंच लांब आणि एक इंच उंच पट्टी. वरच्या अर्ध्या भागात कंपनीचं बोधचिन्ह, त्याखाली घोषवाक्य, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्या माणसाचं नाव, बहुतेकदा फक्त इंग्रजीत आणि नाजूक, तिरप्या अक्षरांत. पट्टी सोनेरी असेल तर अक्षरं पांढरी, चंदेरी असेल तर करडी. दुकानाच्या थाटाला ती शोभते. पण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या, मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या आजींना तिथे फक्त एक चकाकणारा तुकडा दिसतो. नाव दिसत नाही.

गावातल्या किराणा दुकानात बॅजची गरज पडत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो, गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखतं. दृष्टी नसलेल्या काकांचा आवाज आला की कुणीतरी उठून त्यांचा हात धरतं. मॉलमधल्या तीस-चाळीस कर्मचाऱ्यांच्या दुकानात ही ओळख नसते. तिथे ‘दादा’ अशी हाक मारली की तिघं वळून पाहतात, नाहीतर कुणीच पाहत नाही, कारण हाक आपल्यालाच आहे असं कुणाला वाटत नाही. ‘अहो संदीप, जरा येता का?’ या हाकेला मात्र संदीपच ओ देतो. ज्याला दुकानातून चटकन इकडेतिकडे फिरता येत नाही, गर्दीत माणूस शोधता येत नाही किंवा पुन्हा पुन्हा विचारायला संकोच वाटतो, त्याच्यासाठी अशी नेमकी हाक मारता येणं ही मोठी सोय आहे.

यात फक्त मंददृष्टीची माणसं येतात असं नाही. कमी ऐकू येणाऱ्याला गोंगाटात तोंडी सांगितलेलं नाव कळत नाही, ते वाचावं लागतं. विस्मरणाच्या आजारात दोन मिनिटांपूर्वी ऐकलेलं नाव निसटून जातं, पण छातीवर लिहिलेलं असलं तर पुन्हा पाहता येतं. स्वमग्न व्यक्तीला दुकानाचा माणूस कोण आणि गिऱ्हाईक कोण हे एका नजरेत कळलं तर तिच्या मनावरचा ताण कमी होतो. काही माणसांचा मेंदू चेहरे लक्षात ठेवू शकत नाही. या अवस्थेला ‘प्रोसोपॅग्नोसिया’ म्हणतात आणि प्रसिद्ध मेंदुविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना ती होती. अशा गिऱ्हाइकाने कालच ज्याच्याकडून माप देऊन कापड घेतलं, तोच माणूस आज समोर उभा असला तरी त्याला तो ओळखू येत नाही. नाव वाचता आलं, तर येतो.

बॅजला मराठीत जुना शब्द आहे : बिल्ला. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आणि एसटी कंडक्टरचा बिल्ला सगळ्यांनी पाहिलेला असतो. या बिल्ल्यांवर महत्त्वाचा असतो तो क्रमांक. ‘दीवार’ आणि ‘कुली’ या चित्रपटांनी तर ७८६ क्रमांकाचा बिल्ला घरोघरी पोचवला. क्रमांकाचं काम म्हणजे हिशेब आणि तक्रार : मालकाला माणसं मोजायला आणि प्रवाशाला गैरवर्तन कळवायला तो उपयोगी पडतो. त्याने कुणी कुणाला हाक मारत नाही. दुकानातल्या बॅजवर क्रमांकाच्या जागी नाव आलं तेव्हा त्याचं कामही बदलायला हवं होतं. ते पूर्ण बदललं नाही. नाव आलं, पण बॅजची आखणी कंपनीची खूण मिरवण्यासाठीच होत राहिली.

हे बदलण्याचा सगळ्यांत गाजलेला प्रयत्न दुकानात नव्हे, रुग्णालयात झाला. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची तरुण डॉक्टर, वृद्धांच्या आजारांवर उपचार करणारी. तिला स्वतःला दुर्मीळ कर्करोग झाला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये ती रुग्ण म्हणून दाखल असताना तिच्या लक्षात आलं की तिच्यावर उपचार करायला येणाऱ्यांपैकी अनेक जण आपलं नावच सांगत नाहीत. सुया टोचल्या जातात, कागद भरले जातात, पण समोरचा माणूस कोण हे कळत नाही. तिने आणि तिचा नवरा क्रिस पॉइंटन याने मोहीम सुरू केली, मोहिमेचं नावच ‘हॅलो, माय नेम इज...’ असं होतं. मागणी एवढीच : रुग्णासमोर आलात की आधी नाव सांगा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ही मोहीम दूरवर पसरली. २०१६ च्या जुलैत, वयाच्या ३४ व्या वर्षी केट गेली, पण तिचं वाक्य अनेक रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या बॅजवर छापलेलं आहे.

याच काळात तिथल्या अनेक रुग्णालयांत पिवळ्या पट्टीवर ठळक काळ्या अक्षरांतले बॅज आले. विस्मरणाचा आजार असलेल्या आणि नजर कमी झालेल्या वृद्धांना ते वाचता यावेत हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रंगसंगती नवी नाही. रेल्वे स्टेशनावरच्या नावाच्या पाट्या पिवळ्यावर काळ्या असतात, आणि धावत्या गाडीच्या खिडकीतूनही ‘कर्जत’ किंवा ‘मनमाड’ वाचता येतं ते उगाच नव्हे.

रंगांतला हा फरक मोजता येतो. संकेतस्थळं सर्वांना वाचता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढण्याची रीत दिलेली आहे. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ ला १ येतं आणि यापेक्षा जास्त शक्यच नाही. गडद पिवळ्यावर काळं असेल तर साडेएकोणीसच्या आसपास. साध्या मजकुरासाठी किमान साडेचार हवं, मोठ्या अक्षरांसाठी किमान तीन. आता दुकानांतल्या आवडत्या रंगसंगती या मापाला लावून पाहाव्यात. चंदेरीवर पांढरं : दोनपेक्षाही कमी. सोनेरीवर पांढरं : दीडच्याही खाली. म्हणजे जे बॅज सगळ्यांत महागडे दिसावेत म्हणून बनवले जातात, तेच वाचायला सगळ्यांत अवघड असतात. त्याच सोनेरी पट्टीवर काळी अक्षरं घेतली तर गुणोत्तर पंधराच्या जवळ जातं, आणि थाटही कमी होत नाही.

भारतात हा मुद्दा विशेष गंभीर आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं मुख्य कारण मोतीबिंदू निघालं, वाटा ६६.२ टक्के. मोतीबिंदू पिकण्याआधी बरीच वर्षं तो नजर धुरकट करत असतो. अक्षर फिकट दिसू लागतं आणि उजेडाची तिरीप डोळ्यांत पसरते. दुकानाच्या छतावर दिव्यांची रांग आणि बॅजवर चकचकीत लॅमिनेशन अशी जोडी जमली की पट्टीवर पांढरा लोळ उठतो आणि नाव त्यात बुडतं. बॅज मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या पृष्ठभागाचा घेतला, तर यातला मोठा भाग आपोआप सुटतो.

अक्षर किती मोठं हवं, याचंही गणित आहे आणि ते जुनं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातले नेत्रतज्ज्ञ हेरमान स्नेलन यांनी १८६२ मध्ये तो तक्ता प्रसिद्ध केला, जो आजही जगभरच्या नेत्रतपासणीत भिंतीवर असतो. त्यांची मूळ कल्पना सोपी आहे. निरोगी डोळ्याला एखादं अक्षर ओळखता यावं म्हणून त्या अक्षराच्या उंचीने डोळ्यापाशी पाच कलांचा कोन करावा लागतो. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहा मीटरवर हे अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच भरतं. काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या माणसांत साधारण दीड मीटर अंतर धरलं, तर निरोगी डोळ्याला तिथे दोन-सव्वादोन मिलिमीटरचं अक्षर कसंबसं ओळखता येतं.

पण सगळे डोळे निरोगी नसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार चांगल्या डोळ्याची, चष्मा वगैरे सगळे उपाय करूनही, नजर ६/१८ किंवा त्याहून कमी असेल तर ती व्यक्ती मंददृष्टी ठरते. ६/१८ चा अर्थ असा की जे अक्षर इतरांना अठरा मीटरवरून ओळखू येतं, ते या व्यक्तीला सहा मीटरवर यावं लागतं. म्हणजे तिला अक्षर तिप्पट हवं : दीड मीटरवर साडेसहा मिलिमीटर. हेही जेमतेम ओळखता येण्यापुरतं. डोळे न ताणता वाचायचं तर निदान त्याच्या दुप्पट हवं, तेरा मिलिमीटर. दुकानातल्या बॅजवर चार मिलिमीटरची नावं सहज सापडतात. एक इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. बोधचिन्ह कोपऱ्यात सरकवलं आणि घोषवाक्य काढून टाकलं, तर त्याच पट्टीवर तेरा मिलिमीटरचं नाव आरामात बसतं. जागा आधीपासून आहे, ती कुणाला द्यायची एवढाच प्रश्न आहे.

मराठी नावांसाठी मात्र हे गणित जसंच्या तसं लावता येत नाही. स्नेलनची अक्षरं रोमन, ती सुटी आणि एकाच उंचीची. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘श्रुती’ किंवा ‘कृष्णा’ लिहिताना ओळीच्या उंचीतला मोठा वाटा या वरच्या-खालच्या चिन्हांना जातो आणि मूळ अक्षर आखडतं. म्हणून छापखान्यात माप देताना ओळीची उंची सांगू नये. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं अंतर सांगावं. दुसरी अडचण जाडीची. स्नेलनच्या अक्षरांत रेषेची जाडी उंचीच्या एक पंचमांश असते. ‘क्ष’, ‘ज्ञ’ किंवा ‘द्ध’ या अक्षरांत इतकी जाड रेषा वापरली तर आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि काळा गोळा उरतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ख’ आणि ‘रव’ यांतले फरक तर एखाद्या गाठीचे किंवा फटीचे. म्हणजे देवनागरी नावाला ठळकपणा हवा, पण फार नको. अक्षरांमधली हवा मोकळी हवी.

सुदैवाने चांगल्या अक्षरमुद्रा आता विकत घ्याव्या लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेची ‘मुक्त’ ही देवनागरी अक्षरमुद्रा कुणालाही मोफत वापरता येते. तिच्या वेगवेगळ्या जाडीही उपलब्ध आहेत. रोमन लिपीसाठी अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने खास मंददृष्टी वाचकांसाठी ‘ॲटकिन्सन हायपरलेजिबल’ ही मुद्रा तयार करून घेतली आणि तीही मोफत दिली. तिच्यात एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आणि आकडे मुद्दाम वेगळे घडवलेले आहेत. वळणदार, लग्नपत्रिकेवर शोभणारी मुद्रा बॅजवर नको, एवढं जरी पाळलं तरी अर्धं काम होतं.

बॅजवरची लिपी कोणती असावी? महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांबद्दल हा वाद निकालात निघाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं सक्तीचं झालं आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये हेही ठरलं. हा नियम दुकानाच्या दर्शनी पाटीचा आहे, कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीचा नाही. पण त्यामागचं तत्त्व बॅजलाही लागू पडतं. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या दुकानात येणारं बहुतेक गिऱ्हाईक मराठी वाचतं. तिथे नाव फक्त इंग्रजीत छापणं म्हणजे वाचू शकणाऱ्या डोळ्यांनाही ते नाकारणं. वर मोठं देवनागरी, खाली त्याहून लहान रोमन, हा क्रम बहुतेक ठिकाणी योग्य ठरेल.

नावाखाली काय लिहावं हाही विचाराचा भाग आहे. ‘सीनियर कस्टमर एक्स्पीरिअन्स असोसिएट’ ही पदवी अर्धी पट्टी खाते आणि गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. ‘बिलिंग’, ‘साड्या’, ‘औषधं’ असा एक शब्द पुरतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकासाठी शेजारी साधं चित्र असावं : पावती, कपडा, गोळी.

बॅज कुठे लावला जातो यावरही खूप काही अवलंबून असतं. हल्ली गळ्यातली फीत आणि तिला लटकणारं ओळखपत्र यांची चलती आहे. ते ओळखपत्र पोटाशी लोंबतं, काउंटरमागे किंवा संगणकाच्या पडद्याआड जातं, आणि फिरून पालथं पडतं. मग दिसते ती कोरी पाठ, नाहीतर कंपनीचा पत्ता. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, आणि उंच काउंटर त्याच्या समोरचं बरंच काही झाकून टाकतो. अशा वेळी छातीवर, खांद्याजवळ लावलेला बॅज त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. फीतच वापरायची असेल तर नाव दोन्ही बाजूंनी छापावं. या एका बदलाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

इथवर प्रश्न वाचण्याचा होता. बधिर गिऱ्हाइकाला नाव वाचता येतं. त्याला हवं असतं ते वेगळंच : या दुकानात माझी भाषा कुणाला येते? ऑक्टोबर २०१८ मध्ये स्टारबक्सने वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट विद्यापीठाजवळ सांकेतिक भाषेचं कॉफीघर उघडलं. गॅलॉडेट हे बधिर विद्यार्थ्यांचं जगप्रसिद्ध विद्यापीठ, त्यामुळे आजूबाजूला बधिर लोकांची मोठी वस्ती आहे. कंपनीचं अशा प्रकारचं पहिलं दुकान त्याआधी २०१६ मध्ये क्वालालंपूरला निघालं होतं. वॉशिंग्टनच्या दुकानात बधिर कर्मचाऱ्यांच्या ॲप्रनवर कंपनीचं नाव हाताच्या मुद्रांनी भरतकाम करून लिहिलेलं होतं, आणि ऐकू येणाऱ्या पण सांकेतिक भाषा जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर तसं सांगणारी छोटी पिन होती. अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीनेही गणवेशावर कर्मचाऱ्याला येणाऱ्या भाषा दाखवणाऱ्या पट्टीत सांकेतिक भाषांना जागा दिली. फ्रेंच किंवा स्पॅनिश येते हे जसं सांगायचं, तसंच हेही.

मुंबईत पवईला २०१५ मध्ये ‘मिर्ची अँड माइम’ हे उपाहारगृह सुरू झालं तेव्हा बाजू उलटी होती. वाढणारे बधिर आणि बहुतेक गिऱ्हाइकं ऐकू येणारी. तिथल्या मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाशेजारी त्याची खूण छापली होती, म्हणजे गिऱ्हाइकानेच दोन खुणा शिकून मागणी द्यावी. ज्यांना आयुष्यभर इतरांशी जुळवून घ्यावं लागलं, त्यांच्याशी एक जेवणभर इतरांनी जुळवून घ्यायचं. हा अनुभव बॅजपेक्षा कितीतरी पुढचा आहे.

परदेशातली हाताची चित्रं उचलून इथल्या बॅजवर लावता येणार नाहीत हेही ध्यानात ठेवायला हवं. अमेरिकी सांकेतिक भाषेतली मुळाक्षरं एका हाताने दाखवतात, भारतीय सांकेतिक भाषेत रोमन मुळाक्षरांसाठी दोन हात लागतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाचा यांच्या अपंगत्वावर काम करते. म्हणजे शिकायचं ठरवलं तर आधार जवळ आहे. शिकल्याशिवाय बॅज मात्र लावू नये. ‘मला सांकेतिक भाषा येते’ असं छातीवर लिहिलेल्या माणसाला ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढंच येत असेल, तर धावत आलेल्या बधिर गिऱ्हाइकाची होणारी निराशा बॅज नसण्यापेक्षा वाईट आहे. थोडंच येत असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहिता येतं : ‘मी सांकेतिक भाषा शिकतो आहे’. आणि ज्याला काहीच येत नाही, त्याच्याजवळ एक वही आणि पेन असावं.

पूर्ण अंध गिऱ्हाइकाचं काय? पहिल्यांदा सुचतं ते ब्रेल. ब्रेलची एक चौकट, भोवतीची मोकळी जागा धरून, सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर उंच, ठिपक्याची उंची अर्धा मिलिमीटर. मराठीसाठी भारती ब्रेल आहे, आणि चार-पाच अक्षरांचं नाव तीन इंचांच्या पट्टीवर बसतंही. पण ते वाचायचं कसं? अनोळखी माणसाच्या छातीवर बोटं फिरवून कुणी नाव वाचणार नाही, आणि कुणाला तसं करावं लागूही नये. शिवाय प्रत्येक अंध व्यक्तीला ब्रेल येतेच असं नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांनी ती शिकलेली नसते. ब्रेलची जागा काउंटरवरच्या फलकावर, दरपत्रकावर, किंवा हातात देता येईल अशा कार्डावर आहे. नजर ६/६० पर्यंत उतरलेल्यांनाही बॅज पुरत नाही. त्यांच्यासाठी दीड मीटरवर बावीस मिलिमीटरचं अक्षर लागेल, म्हणजे जवळजवळ अख्खी पट्टी.

इथे केट ग्रेंजरचं वाक्य पुन्हा कामाला येतं. अंध गिऱ्हाइकासाठी बॅज म्हणजे आवाज. ‘नमस्कार, मी सुनीता, बिलिंगला आहे. काय मदत करू?’ या एका वाक्यात नाव, काम आणि आवाज तिन्ही कळतात. पुढच्या वेळी गर्दीतही तो आवाज ओळखू येतो. आणि जाताना सांगून जावं : ‘मी आतून दुसरा रंग घेऊन येते, दोन मिनिटं लागतील.’ न सांगता निघून गेलेल्या विक्रेत्याशी रिकाम्या जागेत बोलत राहण्याची वेळ अंध माणसावर येते, ती फार अपमानाची असते. यासाठी काही छापावं लागत नाही, सवय मात्र लावावी लागते.

गेल्या काही वर्षांत बॅज गिऱ्हाइकाच्या गळ्यातही आला आहे. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने न दिसणारं अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेली फीत सुरू केली. तिचा अर्थ ‘मला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागेल’ असा. ती पुढे ब्रिटनच्या सुपरमार्केटांत आणि इतर देशांत गेली, बेंगळुरूच्या विमानतळानेही स्वीकारली. टोकियोत २०१२ पासून लाल पट्टीवर पांढरा क्रॉस आणि हृदय असलेलं मदतचिन्ह आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बोलायला वेळ लागणाऱ्यांसाठी ‘एक मिनिट थांबा’ अशा अर्थाचं कार्ड निघालं. ज्यांनी ही साधनं स्वतःहून निवडली त्यांना ती उपयोगी पडतात. पण दुकानांनी त्यांच्यावर विसंबून राहणं बरोबर नाही. आपलं अपंगत्व गळ्यात घालून फिरण्याचं ओझं गिऱ्हाइकावर का टाकायचं? खूण विक्रेत्याच्या छातीवर असावी, कारण दुकानात काम करणं हा त्याचा व्यवसाय आहे आणि मदत मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. जपानने हेही करून पाहिलं. तिथे २००५ पासून विस्मरणाच्या आजाराबद्दल प्रशिक्षण घेतलेल्यांना नारिंगी रंगाचं मनगटी कडं दिलं जाऊ लागलं, म्हणजे मदत कुणाकडे मागावी हे वृद्धांना ओळखता येतं.

मोठ्या अक्षरांत नाव छापायचं म्हटल्यावर कर्मचाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. छातीवरचं पूर्ण नाव वाचून समाजमाध्यमांवर माग काढणारी माणसं असतात, आणि हा त्रास मुलींना सर्वाधिक होतो. जपानमध्ये गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळामुळे लॉसन या दुकानसाखळीने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना खऱ्या नावाऐवजी आद्याक्षरं लावण्याची मुभा दिली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. आडनावावरून जात हुडकली जाते. मग वागणूकही त्यावरून ठरते. म्हणून बॅजवर आडनाव नकोच. फक्त पहिलं नाव, आणि तेही नको असेल तर कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेलं हाकेचं नाव. ‘बंटी’ किंवा ‘माई’ असलं तरी हाक मारायला पुरतं. तक्रारीसाठी लागणारा क्रमांक पाठीमागे लहान अक्षरांत असावा. आणि कर्मचारी स्वतः बधिर किंवा अंध असेल, तर ते बॅजवर लिहायचं की नाही हे त्याने ठरवावं, व्यवस्थापकाने नव्हे.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दुकानातल्या बॅजचा उल्लेख नाही. पण ‘संवाद’ या शब्दाची त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तिच्यात ब्रेल, स्पर्श, खुणा, मोठी अक्षरं आणि साधी भाषा हे सगळं येतं. सेवा देणाऱ्यांनी त्या सुगम कराव्यात असं हा कायदा सांगतो, आणि त्यात खाजगी आस्थापनाही येतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम नुसते सल्लेवजा ठेवून चालणार नाही, त्यांतले किमान निकष बंधनकारक करावेत, असं केंद्र सरकारला बजावलं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती आहेत. त्यांत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे पावणेसहा लाख, श्रवणाचं सुमारे पावणेपाच लाख. ही मोजणी जुनी आहे. वयामुळे नजर आणि कान मंदावलेले, पण स्वतःला अपंग न मानणारे आजी-आजोबा तिच्यात फारसे आलेलेही नाहीत. दुकानात ते रोज येतात.

एवढं सगळं एका इंचाच्या पट्टीसाठी कशाला, असं एखाद्या मालकाला वाटेल. त्याचं उत्तर हेच की उताराचा रस्ता बांधायला, काउंटर बुटका करायला किंवा लिफ्ट बसवायला पैसे आणि महिने लागतात. ती कामं करायलाच हवीत, ती टाळण्यासाठी बॅज पुढे करू नये. पण बॅज तसेही दरवर्षी नव्याने छापले जातात, कारण माणसं बदलतात. छापखान्याला द्यायची सूचना बदलली की काम झालं.

तेव्हा दुकानदारांनी पुढच्या वेळी बॅज मागवण्याआधी दोन-तीन नमुने साध्या कागदावर छापून घ्यावेत, छातीवर लावून काउंटरमागे उभं राहावं आणि दुकानात येणाऱ्या एखाद्या आजोबांना, मंददृष्टी विद्यार्थ्याला किंवा व्हीलचेअरवरच्या ताईंना विचारावं, ‘माझं नाव काय आहे, वाचता येतंय का?’ ज्या नमुन्यावरचं नाव ते न अडखळता वाचतील, तोच छापायला द्यावा. आणि नवे बॅज हाती पडतील त्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना जवळ बोलावून आणखी एक सांगावं : गिऱ्हाईक समोर आलं की आधी आपलं नाव मोठ्याने, स्पष्ट सांगा.